गाडीतलं चामडं आणि चांगुणामावशी

चांगुणामावशीनं आमच्या गॅरेजात पहिल्यांदा चामड्याची सीट पाहिली तेव्हा आधी ती वाकून हुंगली. मग शिवणीवरून बोट फिरवून ते जिभेच्या टोकाला लावलं, बाजूला थुंकली आणि मला विचारलं, “कोनाची ही?”

मी गाडीच्या मालकाचं नाव सांगितलं. ठाण्याचे कुणी बिल्डर होते.

“मालक नाय इचारत. जनावर कोनचं?”

सुपरवायझर म्हणून मला तिथे चार वर्षं झाली होती. गाडीचं मॉडेल, इंजिनाची तक्रार, पुढची सर्व्हिसिंग कधी, हे मी झोपेतून उठूनही सांगितलं असतं. पण सीट कुठल्या जनावराची, हे मला कधी कुणी विचारलं नव्हतं आणि मलाही कधी तो प्रश्न पडला नव्हता. गाय-बैल असेल, असं मी मोघम म्हणालो.

“असंल म्हंजे? म्हाईत नाय?” असं म्हणून तिनं झाडू उचलला आणि ती पुढच्या गाडीकडे गेली. तिला झाडलोटीसाठीच ठेवलं होतं.

गॅरेज पेणच्या बाहेर, हायवेला लागून होतं. मी रोह्याहून पॅसेंजरनं येऊन-जाऊन करायचो आणि मावशी वाटेत कासूला चढायची. स्टेशनापासून खाडीच्या अंगाला तासभर चाललं की तिचं गाव. माहेरचे मिठागरवाले, सासरचेही तेच. पंचेचाळिशीपर्यंत ती खाऱ्या पाण्यात उभी राहिली, तिनं मिठाच्या टोपल्या वाहिल्या, आणि मिठागर बंद पडलं तेव्हा आमच्याकडे आली. नवरा गेलेला, एकुलता मुलगा आखातात वेल्डिंगच्या कामावर. मला ती ‘सायेब’ म्हणायची आणि त्याच वाक्यात पुढे ‘तू’ म्हणायची. “सायेब, तू जरा बाजूला हो,” हे तिचं माझ्याशी झालेलं पहिलं पूर्ण बोलणं.

त्या बिल्डरच्या सीटांपासूनच सगळी सुरुवात झाली. पांढरट, लोण्यासारख्या रंगाच्या सीटा होत्या. आमच्या पोरांनी त्या कपड्याच्या पावडरीनं खसाखसा घासल्या आणि चारी दारं उघडी टाकून भर उन्हात वाळवल्या. संध्याकाळपर्यंत बसायच्या जागेवर बारीक बारीक रेघा उमटल्या आणि चामडं पत्र्यासारखं ताठ झालं. गॅरेजचे मालक, आमचे शेठ, डोकं धरून बसले. मावशी झाडू टेकवून बघत होती. तिनं एक पाय चपलेतून काढला आणि शेठच्या समोर टाच वर केली.

“ही बग. हेच झालंय तिला. घाम म्हंजे मीठच की. त्यात साबन, वरनं ऊन. कातडी हाय ती, फाटनारच.”

एखादी झाडूवाली आपल्याला टाच दाखवते, याचा शेठना राग आला असता. पण ते इतके घाबरले होते की त्यांनी तिलाच विचारलं, मग काय करायचं? ती म्हणाली, “तेल.” आणि तिनं खरोखरच घरच्या बाटलीतलं खोबरेल आणून त्या सीटांना चोळलं.

दोन दिवसांनी बिल्डरच्या बायकोचा फोन आला. गाडीत केसांच्या तेलाचा वास कोंडला होता आणि तिच्या रेशमी साडीला मागून हा एवढा डाग पडला होता. बोलणी मी खाल्ली. ती पुढे पोचवायला म्हणून मी मावशीला शोधत गॅरेजच्या मागे गेलो. तिथे एका भंगारातल्या गाडीची फाटकी चामडी सीट पडली होती. मावशीनं खडूनं तिच्यावर चौकटी आखल्या होत्या आणि प्रत्येक चौकटीला वेगवेगळं काही लावत होती. खोबरेल, तिळाचं तेल, साजूक तूप, व्हॅसलीन, कोल्ड क्रीम, बुटाचं पॉलिश.

“तुला बोलायचंय ते बोल,” ती मान वर न करता म्हणाली, “पर ह्या चौकोनावर बसू नको.”

महिनाभर तो कारभार चालला. जेवण झालं की ती तिकडे जाऊन प्रत्येक चौकटीवर बोट फिरवायची. तुपाच्या चौकटीला मुंग्या लागल्या. तिळाच्या तेलावर धूळ बसून ती काळी पडली. पॉलिशच्या चौकटीवर ती मुद्दाम आपला पांढरा फडका घासून बघायची आणि फडका रंगला की तिला फार आनंद व्हायचा. हळूहळू मीही डबा घेऊन मागेच बसायला लागलो. कुठल्या चौकटीचं काय झालं, हे कळल्याशिवाय मला घास जाईनासा झाला.

शेवटी कारण तिलाच सापडलं. “वरनं रंग चडवलेला हाय, सायेब. तेल रंगावर बसतंय, कातडीला पोचत नाय. नुसतं लोलत राहतंय.” मी शेठना सांगून मुंबईहून चामड्याचं खास क्रीम मागवलं. डब्यावरचं इंग्रजी तिनं माझ्याकडून तीन वेळा वाचून घेतलं आणि शब्द न् शब्द विचारला. ‘न्यूट्रल’ म्हणजे काय, याला मी जरा विचार करून सांगितलं, आंबट पण नाही आणि खारट पण नाही असं. “मंग बराबर,” ती म्हणाली आणि डबा ताब्यात घेतला.

त्या दिवसापासून चामड्याच्या सीटा तिच्या झाल्या. शेठनी मागच्या बाजूला पत्र्याची शेड टाकून दिली. ऊन येत नव्हतं, आणि चपला घालून कुणी यायचं नाही हा तिचा नियम. आधी मऊ ब्रशनं शिवणीतली रेती काढायची, कारण रेती राहिली आणि वर फडका फिरवला की घासपेपर फिरवल्यासारखंच. मग कोमट पाण्यात दोन थेंब साबण. पाणी सीटला लावायचंच नाही, फक्त वरचा फेस लावायचा. एका वेळी वीतभर जागा. फडका इतका पिळलेला की त्यातून थेंब पडला तर ती स्वतःलाच शिवी घालायची. सावलीत वाळू द्यायचं. आणि शेवटी क्रीम, ते मात्र फडक्यानं नाही. तळहातानं.

मी तिला स्पंज आणून दिला होता. तिनं तो भांड्यांना नेला.

“स्पंजाला काय कलतंय? हात अडकला की समजायचं, आजून भूक हाय. हात सरकला की पोट भरलं. मंग थांबायचं. जास्त दिलं तर चिकट व्हतंय.”

पण त्यासाठी हात मऊ हवा, आणि तिचे हात सुरुवातीला बघवत नसत. बोटांच्या पेरांवर, तळव्यावर, अंगठ्याच्या बेचक्यात मिठानं पाडलेल्या भेगा होत्या, काही इतक्या खोल की त्यात काळी रेघ कायमची बसलेली. असा हात सीटवर फिरला तर ओरखडे. मग तिनं आधी स्वतःचे हात दुरुस्त करायला घेतले. पेणच्या सरकारी दवाखान्यातून मलम आणलं. रोज हाताला तेल लावून वर जुनं लुगडं गुंडाळायची. पॅसेंजरमध्ये चढताना दांडा उघड्या हातानं धरायची नाही. बांगड्या कोपरापर्यंत सारून चिंधीनं बांधायची. दीड-दोन वर्षं गेली. एक दिवस तिनं माझ्यासमोर तळवे धरले, आणि ते एखाद्या मास्तरणीचे वाटावेत असे झाले होते. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मात्र तिला बजावलं होतं, की ही कातडी वरवर बरी आहे. पुन्हा खाऱ्या चिखलात हात घातलेस तर या भेगा परत मिटायच्या नाहीत.

कासूच्या फलाटावर गावच्या बाया तिला चिडवायच्या. “आली गो मडमीन, हाताला लुगडं नेसवून.” ती म्हणायची, “व्हय, आली. सरक, बसू दे.” मी तिला चिडलेलं कधी पाहिलं नाही. उलट त्यांच्याही हातांवर बोट फिरवून बघायची आणि कुठलं मलम लावायचं ते सांगायची.

सीट बघून माणूस सांगायची तिला खोड होती. जीन्सचा निळा रंग कुठे उतरलाय, डोकं टेकायच्या जागी केसांचा कलप आहे की मोगऱ्याचा डाग, खिशातलं पाकीट काढून बसतो की तसाच बसतो. रोह्याच्या एका केमिकल कंपनीतल्या मोठ्या साहेबांची गाडी आमच्याकडे यायची. एकदा त्यांच्या ड्रायव्हरला तिनं विचारलं, “तुजा सायेब डाव्या अंगावर बसतो का रं?” तो म्हणाला, मला काय माहीत, मी पुढे बघून गाडी चालवतो. “मंग मागं बग जरा. डावीकडची शिवन उसवत आलीय नी उजवीकडं चामडं कोरं हाय. त्याची कंबर दुखत असंल. डागतराकडं ने.” ड्रायव्हरनं भीत भीत साहेबांच्या कानावर घातलं. पुढल्या खेपेला साहेब स्वतः आले, कमरेला पट्टा बांधून. मणक्याचं दुखणं निघालं होतं. त्यांनी तिला मिठाईचा पुडा दिला आणि विचारलं, तुम्हाला हे कळलं कसं? ती म्हणाली, “तू बसतोस, ती सोसते. तिला इचारलं.”

पेणचे गणपती न्यायला लांबून लोक येतात, त्या दिवसांत तर तिच्या शेडबाहेर रांग लागायची. हौसेनं मूर्ती मागच्या सीटवर ठेवायची, आणि रंग पुरता वाळलेला नसतो. एका कुटुंबाच्या गाडीत पीतांबराचा पिवळा रंग सीटला चांगला पसाभर लागला होता. गणपती घरी पोचवून, दीड दिवसांनी विसर्जन करून ते गाडी घेऊन परत आले. मुलगा म्हणत होता, डाग काढा. त्याची आई म्हणत होती, देवाचा रंग आहे, फडक्यानं पुसायचा नाही. तिनं त्या डागाला हळदकुंकूही वाहिलं होतं, म्हणजे आता डाग तीन रंगांचा झाला होता. दोघं माझ्या टेबलासमोर तासभर वाद घालत होते.

मावशी आली, त्या आजींच्या शेजारी बसली आणि म्हणाली, “मूर्ती बोलवलीत ना पान्यात?”

“बोळवली.”

“मंग रंग एकटाच कशाला मागं ठेवताव? तो पन जाऊ दे की.”

आजींना ते पटलं. पण मोरीत पाणी ओतायचं नाही ही अट घातली. मावशीनं नवा कोरा फडका काढला, वीत-वीत करत डाग उतरवला, आणि ते पिवळं पाणी तांब्यात धरून आजींच्याच हातून मागच्या आंब्याच्या बुंध्याशी घातलं. आजी हात जोडून उभ्या होत्या. गाडी गेल्यावर मी हसायला लागलो, तर मावशी म्हणाली, “हसतंस काय? हलदीचा डाग जाता जात नाय. घाम फुटला मना.”

आता जे सांगायचं ते सांगतो.

तिच्या गावाची शेती खाडीच्या पातळीच्या खाली. खाडी आणि शेत यांच्यामध्ये मातीचा बांध, बस. उधाणाच्या भरतीला तो फुटला तर खारं पाणी आत शिरतं आणि ते निघालं नाही तर पुढची दोन-तीन वर्षं तिथे भात होत नाही. म्हणून गावाचा कायदा असा, की बांध फुटल्याची हाक आली की घरटी एक माणूस उभं राहायचं. आजारी, म्हातारं, नोकरीवालं, काही चालत नाही.

भाताला लोंब्या आल्या होत्या त्या दिवसांतली गोष्ट. अमावास्येचं उधाण होतं. सकाळी अकराच्या सुमारास गॅरेजात तिच्या पुतण्याचा फोन आला. मावशी तेव्हा पेणच्या एका डॉक्टरीणबाईंच्या गाडीची मागची सीट करत होती. बाईंना दुसऱ्या कुणाचा हात चालत नसे. मी शेडमध्ये जाऊन निरोप सांगितला. तिनं हातातली वीतभर जागा पुरी केली, क्रीमच्या डब्याचं झाकण लावलं आणि बांगड्यांची चिंधी सोडायला लागली.

“कोण जाणार तुझ्या घरातून?” मी विचारलं, आणि विचारतानाच मला उत्तर कळलं. मुलगा आखातात. घरात ती एकटी.

मी तिला आडवा आलो. डॉक्टर काय म्हणाले होते ते आठवण करून दिलं. म्हटलं, तुझ्या बदल्यात मी आपल्या पोरांपैकी दोघांना पाठवतो. ती म्हणाली, “गावातलीच मानसं लागतात, सायेब. तुज्या पोरांना पाय कुठं देयाचा ते कलनार नाय, बुडतील.” मग पुतण्यालाच तुझ्या नावानं उभं राहू दे म्हटलं, तर, “तो त्याच्या घरचा हाय.”

मी आतून रबरी हातमोजे आणून तिच्या पिशवीत कोंबले. तिनं ते नेले, माझं मन राखायला. बाराच्या पॅसेंजरनं ती गेली.

पाचव्या दिवशी ती परत आली. हातमोजे तसेच्या तसे पिशवीत होते. त्यात पाणी भरतं आणि चिखलाचं ढेकूळ हातातून निसटतं, म्हणाली. चार दिवस, ओहोटी लागली की रांगेत उभं राहून ढेकळं पुढे द्यायची आणि भरती आली की वर येऊन बसायचं. बांध उभा राहिला होता. तिचे हात तिनं पदराखाली धरले होते.

डॉक्टरीणबाईंची गाडी तशीच शेडमध्ये होती. मावशीनं डबा उघडला, बोटावर क्रीम घेतलं आणि तळहात सीटवर ठेवला. मी दाराशी उभा होतो, मला तो आवाज आला. अगदी बारीक, खरखर असा. तिनं हात उचलला आणि वाकून उजेडात बघितलं. सीटवर केसाएवढी रेघ उमटली होती. मग तिनं बोटावरचं क्रीम पुन्हा डब्यात पुसलं.

तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी मावशीचे हात पाहिले, सगळं ऐकलं आणि समजुतीनं म्हणाल्या, “करा हो तुम्ही. एखादा ओरखडा आला तर मला चालेल.”

“तुला चालंल गो. मना नाय चालत,” मावशी म्हणाली. तिचा आवाज चढलेला मी तेव्हा एकदाच ऐकला.

दिवाळीपर्यंत ती येत राहिली. मलम झालं, तेल झालं, डॉक्टरीणबाईंनी स्वतः औषध दिलं. भेगा मिटल्या नाहीत. शेठ वाईट माणूस नव्हते, त्यांनी सांगितलं की झाडलोटीचं काम आहेच, कुठे जाऊ नका. ती म्हणाली, “झाडायलाच आलते मी. पर आता नाय जमायचं. झाडताना सीट दिसंल ना समोर.” दिवाळीनंतर ती कासूला चढली नाही.

मला तिचा राग आला होता. दोन वर्षं खपून केलेले हात तिनं चार दिवसांत चिखलात घालवले, आणि तेही जे तिला मडमीण म्हणून चिडवत त्यांच्या शेतासाठी. रागापेक्षा वाईट जास्त वाटत होतं, पण कबूल करायला राग सोपा. शेडला कुलूप लागलं. पोरांपैकी कुणाचा हात त्या कामाचा नव्हता. डॉक्टरीणबाई गाडी तशीच अर्ध्या सीटनिशी घेऊन गेल्या होत्या आणि दर आठवड्याला फोन करायच्या. शेवटी एक दिवस गाडी मागवून घेऊन मीच चपला काढून शेडमध्ये गेलो आणि त्यांची अर्धी राहिलेली सीट पुरी करायला बसलो. संध्याकाळी माझी पाठ मोडून आली होती आणि मला कसलीच भूक, कसलंच पोट कळलं नव्हतं.

कापण्या संपत आल्या तेव्हा एका रविवारी मी कासूला उतरून तिच्या गावी गेलो. बांधाबांधानं चालताना मध्येच नव्या मातीचा पट्टा लागला. त्याच्या एका अंगाला खाडीचं पाणी चमकत होतं आणि दुसऱ्या अंगाला कापलेल्या भाताचे भारे. खालचा एक तुकडा मात्र करपून पांढरा पडला होता. मावशी भारे बांधत होती. मला बघून तिला नवल वाटलं नाही.

“किती वाचलं?” मी विचारलं.

“निम्म्याच्या वर वाचलं.”

“आणि तू काय मिळवलंस?” मला एवढं कडू बोलायचं नव्हतं, पण बोललो.

ती हातातला भारा खाली ठेवून म्हणाली, “बांध फुटला नी एका घरातनं मानूस आलाच नाय, असं आमच्या गावात आजून झालं नाय. ते माज्या घरापासनं सुरू करू?” मग लगेच, जणू याचसाठी मी तासभर चालत आलो होतो, तिनं विचारलं, “डागतरीनबाईची सीट कोनी केली?”

“मी.”

“तू?” तिनं माझा हात ओढून घेतला. आपल्या अंगठ्यानं माझा तळवा चाचपला. पुन्हा चाचपला. मग मान हलवली. “ह्या हातांना आता काय कलत नाय,” ती म्हणाली, आणि आजूबाजूच्या बाया बघत असताना तिनं माझा तळहात उचलून आपल्या गालावर ठेवला, डोळे मिटले आणि तो गालावरून सावकाश खाली ओढला.

“खरबरीत हाय आजून,” ती म्हणाली. “रोज तेल लाव.”

आणि माझा हात सोडून ती भाऱ्यांकडे वळली.